डॉक्टरबाई आणि जिभेखालची गोळी

डॉक्टरबाई खोकल्याची चौकशी आणि लिंगाच्या ताठरतेची चौकशी एकाच सुरात करायच्या. "झोप लागते? खोकला आहे? ताठरता येते?" खोपटच्या एसटी डेपोजवळच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवीन डॉक्टर म्हणून बसायचे आणि तो शेवटचा प्रश्न आला की बीपीच्या मशीनकडे बघायचे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी प्रजननाचा धडा घरी वाचायला सांगितला होता. मला ते शब्द इंग्रजीतच येत होते, तेही मनातल्या मनात.

मोरे ड्रायव्हर आले ते "अशक्तपणा" घेऊन. घोडबंदरचं ट्रॅफिक बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून मित्राने दिलेली ताठरतेची गोळी काढली.

"हिने इच्छा येत नाही हां, मोरे," बाई म्हणाल्या. "बेल मन देतं. नसा निरोप पोचवतात, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्ताच्या गाड्या आत येतात. जागा भरली की बाहेर जायचं फाटक दाबलं जातं, म्हणून डेपो भरलेला राहतो. मग शरीरच तो निरोप पुसतं. गोळी त्या पुसणाऱ्याला अडवते, एवढंच."

"म्हणजे बेल आम्हीच मारायची?"

"तुम्हीच. जिभेखाली ठेवायची गोळी आहे का जवळ?"

चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला त्या हे विचारत. मोरेंनी दुसऱ्या खिशातून तीही काढली. छातीत दुखलं की घ्यायची, म्हणाले. बाईंनी मित्राची गोळी सरळ आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. "या दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी कोसळेल, जीव जाईल. आणि खालच्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथे आधी कळतो. आधी हृदय तपासून या."

"मी कशाला आलेलो आणि काय घेऊन चाललो," म्हणत मोरे रागाने गेले.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तशा बाई माझ्यावर दवाखाना सोपवून मुलीकडे राहायला गेल्या. लगेचच मोरे आले. हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या झाल्या होत्या, जिभेखालची गोळी कायमची बंद होती, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ताठरतेच्या गोळीला लेखी परवानगी दिली होती. बाईंच्या खुर्चीत मला बघून ते वळले. "बाई नाहीत? मग राहू दे."

"बसा, मोरे. ताठरतेचंच विचारायचंय ना?"

ते बसले. या वेळी मी मशीनकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. सगळं विचारलं, बीपी बघितलं, गोळी लिहून दिली. छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं आणि ही घेतल्याचं तिथे सांगायचं, हे त्यांच्याकडून वदवून घेतलं.

जाताना त्यांनी दार उघडं धरलं आणि बाहेर बाकावर थांबलेल्या ड्रायव्हरांना म्हणाले, "ही पोरगीपण बाईंसारखीच आहे रे. सरळ विचारते. सांगून टाका एकदाचं."

बाकावरचे दोघं एकदमच उठले.