सासूबाईंच्या मेणबत्त्या

सासूबाई पावसाळ्यात गेल्या आणि त्या वर्षीचा आगमनकाळ माझ्या अंगावर आला. नाताळाआधीच्या चार रविवारी संध्याकाळी घरात मेणबत्त्या लावायच्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्याला दोन, आणि चौथ्या रविवारी चारही. मी वज्रेश्वरीकडची, हिंदू घरातली. लग्न करून भिवंडीतल्या या ख्रिस्ती घरात आले त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आदल्या साली सासूबाईंनी सगळं माझ्याकडून करून घेतलं होतं. सुरूच्या डहाळ्यांचं गोल कडं बांधायचं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. मला ते कडं मयतावर वाहतात त्या फुलांच्या चक्रासारखं वाटलं होतं, पण नव्या सुनेने हे कसं बोलायचं?

“लावून झालं की थोडा वेळ गप्प बसायचं,” त्या म्हणाल्या होत्या.

“कशासाठी?”

“वाट बघायची. येणाऱ्याची.”

सासऱ्यांना आम्ही पप्पा म्हणतो. सगळा जन्म कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे साधं बोलणंही ओरडल्यासारखं. सासूबाई गेल्यावर तो आवाज बंदच झाला. जेवणार का विचारलं तर नुसती मान हलवायचे.

पहिल्या रविवारी नवरा राहनाळच्या गोडाऊनला ड्युटीवर होता. घरात पप्पा आणि मी. मी मेणबत्ती लावली आणि शिकवल्याप्रमाणे गप्प बसले. बऱ्याच वेळाने पप्पा म्हणाले, “नाक्यावर आली ती.”

“कोण, पप्पा?”

“कोण म्हणजे? तुझी सासू.”

रिक्षातून उतरून भाजी घेत असेल, अशा साध्या सुरात बोलले. नवरा आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांचं मन थाऱ्यावर नाही अजून. हो म्हण आणि सोडून दे.”

दुसऱ्या रविवारी दोन मेणबत्त्या लागल्या आणि पप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, “गल्लीत शिरली. हळू येतेय, गुडघा दुखतोय तिचा.” मी उठून खाली पाहिलं. समोरच्या लूम कारखान्याच्या दारात कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो, चहा पिणारी दोन माणसं, एक कुत्रं. बाकी कोणी नव्हतं. पण आपण उठून पाहिलं, याचीच मला भीती वाटली. मी खिडकी लावून घेतली, पंखा बंदच होता. तरी दोन्ही ज्योती दाराच्या बाजूला कलल्या होत्या, आणि कललेल्याच राहिल्या.

मी आईला फोन केला. ती गावाला शेतावरून नुकतीच आली होती. सगळं ऐकून म्हणाली, “दिवाच लावतेस ना? मंग दिव्याला काय भ्यायचं? आन सासू हाय ती, परकी न्हाय.”

तिसऱ्या रविवारी नवरा घरी होता. “आज राहू दे हे,” तो मला हळूच म्हणाला. पण पप्पा स्वतःच काडेपेटी घेऊन येऊन बसले होते. मी दोन जांभळ्या लावून तिसरी, गुलाबी मेणबत्ती लावली आणि तेवढ्यात लाईट गेली.

भिवंडीत राहणाऱ्याला लूमचा खडखडाट ऐकू येत नाही, तो थांबला की शांतता ऐकू येते. शुक्रवारी कारखाने बंद असतात, ती शांतता आमच्या ओळखीची. ही रविवारची शांतता न सांगता आली होती. आणि त्या शांततेत जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, मग त्याच पायरीवर दुसरं, मग थांबणं. पुन्हा एक, पुन्हा त्याच्या शेजारी दुसरं. गुडघे धरल्यापासून सासूबाई असाच जिना चढायच्या. नवऱ्याने माझं मनगट पकडलं. पावलं दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दारासमोर येऊन थांबली.

कोणी दार वाजवलं नाही.

“दमली आहे,” पप्पा म्हणाले. “श्वास घेऊ दे तिला.”

“मी बघतो,” नवरा म्हणाला, पण उठला नाही. लाईट आली, लूम सुरू झाले, तेव्हा कुठे त्याने जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण अंधार झाल्यापासून जिन्याच्या तोंडाशी बसलेली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “ऊपर तो कोई नहीं गया, भाभी. मैं यहीं थी.”

त्या आठवड्यात नवरा कडं उचलून माळ्यावर टाकायला निघाला होता. “चौथा रविवार करायचा नाही,” तो म्हणाला.

“आणि मम्मींना काय दाराबाहेर उभं ठेवायचं?” मी म्हणाले. माझ्या तोंडून हे निघालं आणि त्याने कडं परत टेबलावर ठेवलं. भीती मलाही होतीच. पण गुडघे धरून त्या बाहेर ताटकळत आहेत, हे मला त्याहून सहन होत नव्हतं.

चौथ्या रविवारी मेणबत्त्या लावण्याआधी मी दार सताड उघडलं. टेबलापाशी एक खुर्ची जास्तीची ठेवली. चारही ज्योती लागल्या, आम्ही तिघं बसलो. पप्पांनी दाराकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

“दार का उघडलंस?”

“मम्मी येतील म्हणून.”

“ती गेल्या रविवारीच आली की आत. याने दार उघडलं तेव्हा. आठवडाभर घरातच आहे.”

त्या आठवड्यात मी घरात किती वेळा एकटी होते, ते सगळं आठवलं. मी कसंबसं विचारलं, “मग आत्ता कुठे आहेत?”

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

“काय म्हणतात?”

पप्पांनी मान वाकवून ऐकलं. “म्हणते, कडं वाकडं बांधलंय.”

नवरा हसला. हसता हसता त्याचा चेहरा पिळवटला आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. आई गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता. पप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “चल, प्रार्थना सांग,” ते खुर्चीला म्हणाले. थोडं थांबले, आणि मग स्वतःच सुरू झाले, लूम चालू असताना बोलावं तशा त्या जुन्या दणदणीत आवाजात. आम्हीही त्यांच्यामागून म्हटलं.

मेणबत्त्या अर्ध्याच्या खाली आल्या तरी दार उघडंच होतं. ते कधी लावायचं, हे कोणाला विचारावं कळेना.

“पप्पा, दार?”

“लाव आता. डास येतात.”

कोणी बाहेर गेलं, की आतच राहिलं, हे मी विचारलं नाही. कडी घातली आणि ताटं घेतली. पप्पांनी सुक्या बोंबलाची चटणी मागितली आणि मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली.