गिऱ्हाइकाची खुर्ची

लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात गावाला पाण्याचा टँकर मागायचा म्हणून मी नव्या कचेरीसमोर अर्ज टाइप करून घ्यायला गेलो. कडुलिंबाखाली एक टायपिस्ट बसला होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्याचे लकवा मारलेले वडील, त्यामुळं मी उभाच. चार ओळी झाल्या की तो थांबे, वडिलांच्या ओठांना ओला फडका लावी, त्यांचा लुळा हात मांडीवर नीट ठेवी आणि पुन्हा टाइप करायला लागे.

मी वैतागून म्हणालो, "म्हाताऱ्याला घरी ठेवत जा की!"

"घरी बघणारं कुणी न्हाई. अन् हितं त्यांचं काम हाय."

अर्ज झाल्यावर त्यानं तो मोठ्यानं वाचायला घेतला, तोही माझ्याकडं नाही, वडिलांकडं बघून. दुसऱ्याच ओळीला म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं खुर्ची ठोकली. पोरानं सवयीनं जिल्हा उस्मानाबाद टाइप केला होता. माझ्याही कानाला ते खटकलं नव्हतं.

त्यानं कागद फाडला, नवा चढवला आणि मिश्कीलपणे माझ्याकडं पाहिलं.

"ठेवतो की घरी. पर मग तुमचा टँकर उस्मानाबादला जाईल. चालंल का?"