चौथ्या चाकाची टोपी

नवरा, पिराजी, वारल्यानंतर शेवंताबाई ट्रॅक्टरच्या शेडकडं फिरकल्याच नव्हत्या. बंगल्यावरचं काम सुटलं नव्हतं. खुरपणं, गुलाबांची छाटणी, नर्सरीतल्या रोपांना पाणी, सगळं चालू होतं. पण शेडवरून जायची वेळ आली की त्या विहिरीकडून वळसा घालून जात.

कसबा बावड्यात, उसाच्या फडांना लागून हंबीररावांचा बंगला होता. पुढं मोठी हिरवळ, मागं गुलाबांची नर्सरी. पिराजी कांबळे तिथं माळी होता. हिरवळ कापायला आणि शेणखताची गाडी ओढायला बंगल्यावर एक बुटका ट्रॅक्टर होता, हंबीररावांच्या वडिलांनी विलायतेहून मागवलेला. म्हशीच्या रेडकाएवढी त्याची उंची, लाल रंग आणि चारी चाकांवर क्रोमच्या चकचकीत टोप्या. रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थांबून बघायची. तो चालवायला मिळाला, तेव्हा पिराजी आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हता. संध्याकाळी काम उरकलं की डोक्याचा पटका सोडून तो त्या टोप्या पुसायचा. घरात मात्र पाणी प्यायलेलं भांडं उचलून ठेवायचा नाही.

"तुझी सवत हाय ती," शेवंताबाई आपल्या मुलीला, दीक्षाला सांगायच्या आणि मग आपल्याच बोलण्यावर हसायच्या. "न्हाय, न्हाय. माझी सवत, तुझी मावशी."

एक्क्याण्णव साली पिराजी छातीत कळ येऊन गेला. ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली गेला तो गेलाच. हिरवळीचा अर्धा भाग पुढं भाजीला घेतला, खत हातगाडीनं येऊ लागलं. कुणाला त्याची गरज उरली नाही.

सत्त्याण्णवच्या थंडीत हंबीररावांनी शेवंताबाईंना हाक मारली. ते आता थकले होते, व्हरांड्यातल्या खुर्चीवरून फारसे उठत नसत.

"शेवंताबाई, पुण्याचं एक पावणं येणार हाईत. जुनी वाहनं गोळा करत्यात. आपला ट्रॅक्टर बगणार हाईत. जरा पुसून ठिवा. चाकाच्या टोप्यांवर गंज चढलाय, तेवढा निघतोय का बगा."

"मी, मालक?"

"मग कोण? पिराजीनंतर त्याला हात लावणारं हितं कोण हाय?"

नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री ओढली. उंदरांनी सीटचा काथ्या बाहेर काढला होता, लाल रंग विटकरी झाला होता. टोप्यांवर देवी आल्यासारखे गंजाचे तपकिरी ठिपके उठले होते. शेवंताबाई तशाच उभ्या राहिल्या. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला. एवढं पुसून पुसून शेवटी हे असंच व्हायचं होतं तर कशापायी पुसलंस, असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि पान्ह्यानं पहिली टोपी सोडवायला बसल्या.

भांडी घासायची तशी त्यांनी ती विटेच्या भुकटीनं घासली. गंज निघाला, पण टोपी उन्हात धरल्यावर दिसलं की तिच्यावर बारीक बारीक ओरखडे पडलेत, मांजरानं नखं मारल्यासारखे. त्या तशीच ती हंबीररावांकडं घेऊन गेल्या.

हंबीररावांनी ती फिरवून बघितली. ओरडले नाहीत. "क्रोम म्हंजे नुसता मुलामा असतोय. पितळेगत घासून भागत न्हाय," म्हणाले. मग टेबलाच्या खणातून सिगारेटच्या पाकिटातले चांदीचे कागद काढले. त्यांची सिगारेट डॉक्टरांनी कधीच बंद केली होती, कागद कशासाठी साठवले होते त्यांनाच ठाऊक. "ह्यो बोळा करून पाण्यात बुडवा आणि हळूहळू घासा. जोर लावू नका. ह्यो कागद मऊ असतोय, मुलाम्याला ओरखडत न्हाय आणि गंज तेवढा उचलतोय."

तसंच झालं. बोळा ओला करायचा, गोल गोल फिरवायचा, काळं पाणी फडक्यानं टिपायचं, पुन्हा फिरवायचा. ठिपके विरघळल्यासारखे जात आणि खालून निळसर चकाकी वर येई. जिथं मुलामाच सुटून गेला होता तिथं मात्र खड्डे राहिले. त्यावर कितीही घासलं तरी काही उपयोग नव्हता. शेवंताबाईंनी ते तसेच ठेवले, टोपी कोरडी करून वरून मेणाचा हात फिरवला. दुसरी टोपी उजळल्यावर तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, फुगलेला, नाक एवढं मोठं. त्या एकट्याच हसल्या. पिराजीला ह्यात काय गोडी वाटायची ते त्यांना थोडंथोडं कळायला लागलं होतं.

चौथी टोपी मागच्या चाकाची, भिंतीकडच्या बाजूची. ती काढतानाच हाताला वेगळी लागली. हलकी होती. तिच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता, पण चकाकीही नव्हती, जुनाट चंदेरी रंगाचे पोपडे होते तेवढे. कागदानं काही होईना म्हणून त्यांनी रॉकेलचं फडकं घेतलं. रंग सुटत गेला. खालून स्टील निघालं. आणि कडेला बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं.

साक्षरता वर्गात जाऊन शेवंताबाई अक्षर लावायला शिकल्या होत्या, पण हे त्यांना लावावं लागलं नाही. 'शेवंता हिस यल्लाप्पाकडून.' यल्लाप्पा त्यांचा भाऊ, गडहिंग्लज डेपोत कंडक्टर होता. लग्नात त्यानं दिलेली स्टीलची ताटली होती ती. ठोकून ठोकून मधे फुगवलेली, बोल्टसाठी भोक पाडलेली.

शेवंताबाई ताटली मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या.

ही ताटली पंच्याऐंशी साली हरवली होती. दारात घासून उपडी घातलेल्या भांड्यांतून गेली होती. शेजारी, एकाच भिंतीपलीकडं झुंबरबाई राहायच्या. त्या दिवशी दुपारी दारात त्याच तेवढ्या बसलेल्या होत्या. शेवंताबाईंनी मागचा पुढचा विचार केला नाही. विहारामागच्या नळावर, वस्तीतल्या सगळ्या बायकांपुढं त्या झुंबरबाईंना चोर म्हणाल्या. "माझ्या भावाची खूण खाल्लीस, तुला पचायची न्हाय," असंही म्हणाल्या. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद झालं. झुंबरबाईंची थोरली मुलगी उजवली, तेव्हा मांडव ह्यांच्या दाराला टेकलेला होता आणि शेवंताबाई दार लावून आत बसल्या होत्या.

आणि पिराजी हे सगळं बघत होता. भांडण झालं त्या रात्री तो जेवला नव्हता, एवढं त्यांना आता आठवलं. तेव्हा वाटलं होतं, आपल्या बाजूनं त्याला वाईट वाटतंय.

त्या ताटली घेऊन व्हरांड्यात गेल्या. हंबीररावांनी अक्षरं वाचली, ताटली उलटसुलट केली.

"माझी रोज नजर जायची ह्यावर," ते म्हणाले. "कळलं न्हाय कधी."

"टोपी हरवली असंल, मालक. कुठंतर पाटात न्हायतर फडात पडली असंल. तुम्हाला सांगायचं सोडून त्यानं माझी ताटली उचलली. सांगिटलं असतं तर तुम्ही काय खाल्लं असतं का त्याला?"

हंबीररावांनी ताटली त्यांच्या हातात परत दिली. "त्याच्या आधीच्या माळ्याला मी एका फुटक्या काचेपायी कामावरनं घालवलावता," ते म्हणाले. "पिराजीनं ते बघितलं हुतं. तवा मी काय केलं असतं, ते मलाच सांगता येत न्हाय, बाई."

जिवंत माणसावर रागावता येतं, भांडता येतं, दोन दिवस अबोला धरता येतो. मेलेल्या माणसाचं काय करायचं? घरी जाताना त्या वाटभर त्याच्याशी भांडत गेल्या. मालकाची भीती होती, ते समजलं. पण बायकोला सांगायला काय झालं होतं? मग त्यांना नळावरचं आपलं तोंड आठवलं आणि त्याला बायकोचीही भीती वाटली असेल, हे कळलं. ते कळणं काही बरं वाटणारं नव्हतं.

दीक्षा तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं ताटली बघितली आणि म्हणाली, "आई, आता कुणाला सांगू नगंस. पप्पांचं नाव खराब हुईल. झुंबराक्काबी विसरली असंल."

"ती विसरली न्हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "मी तरी कुठं विसरली हुती?"

त्यांनी ताटली पदराखाली घेतली आणि शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. इतक्या वर्षांनी शेवंताबाई दारात दिसल्या म्हणून त्यांनी वर बघितलं, पण ये म्हणाल्या नाहीत. शेवंताबाईंनी ताटली सुपाशेजारी ठेवली आणि कुठं सापडली ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

झुंबरबाईंनी ताटलीला हात लावला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग?"

"माझं चुकलं, झुंबराक्का."

"हितं माझ्या घरात येऊन म्हणालीस. चोर कुठं म्हणालीवतीस?"

"नळावर."

"मग नळावर सांग की."

सकाळी नळाला पाणी आलं. घागरी लागलेल्या, बायकांचा गलका चाललेला. शेवंताबाई घागर न घेताच गेल्या. ताटली वर धरून म्हणाल्या, "ऐका गं बायांनो. ही माझी ताटली. झुंबराक्कानं न्हेली म्हणून मी हितंच तिला चोर म्हणालीवते. तिनं न्हेली न्हवती. माझ्याच घरातनं गेल्ती. माझं बोलणं खोटं हुतं." तरण्या सुनांना कशाचं काय ते कळेना, जुन्या बायका झुंबरबाईंकडं बघू लागल्या. कुणी न्हेली मग, असं एकीनं विचारलं. शेवंताबाईंनी सांगितलं, "आमच्या ह्येनी. नोकरीपायी."

झुंबरबाईंची घागर भरली होती. त्यांनी ती उचलून कडेवर घेतली आणि कुणाकडं न बघता निघून गेल्या.

पुण्याचे पाहुणे आले. तीन टोप्या लखलखत होत्या, चौथ्या चाकाचा नुसता बोल्ट दिसत होता. ते म्हणाले, जोडीची टोपी ते करवून घेतील, त्याची अडचण नाही. ट्रॅक्टर टेंपोत चढवताना हंबीरराव काठी टेकत फाटकापर्यंत आले. शेवंताबाईंनी एका टोपीवर पडलेला कुणाचा तरी हाताचा ठसा पदरानं पुसला आणि बाजूला झाल्या.

झुंबरबाईंशी बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. पाणी आलं का, वीज कधी गेली, एवढंच. शेवंताबाईंनी त्याहून जास्त मागितलंही नाही. दीक्षा नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, आणि दोन म्हाताऱ्या भिंतीच्या दोन बाजूंना आपापला स्वयंपाक करत राहिल्या.

दोन हजार पाच साली पंचगंगेचं पाणी वर चढत आलं, तेव्हा वस्तीतल्या माणसांना शाळेत हलवलं. एकाच वर्गात, फळ्याखाली दोघींच्या सतरंज्या शेजारी शेजारी आल्या. बाहेर पाऊस थांबत नव्हता आणि करायला काही नव्हतं. तिथं पहिल्यांदा त्या खूप बोलल्या.

"दर पावसाळ्याच्या आदी पिराजी माझ्या कौलावर चढायचा," झुंबरबाई म्हणाल्या. "तू कामावर गेलीस की यायचा. फुटकी कौलं बदलायचा, च्या बी घ्यायचा न्हाय. भांडण झालं त्या सालापास्नं सुरू केलंवतं त्यानं."

शेवंताबाईंना हे ठाऊक नव्हतं. "आणि तुला संशय आला न्हाय?"

"आला की. मला वाटलं, बायकोच्या तोंडाची लाज वाटून करतोय गरीब."

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी हसू आलं आणि मग ज्याची त्यांनी शेडमध्ये वाट बघितली होती ते रडू आलं, सगळ्या वर्गासमोर. झुंबरबाईंनी त्यांना थोपटलं नाही, गप्प हो म्हणाल्या नाहीत, फक्त आपली सतरंजी जराशी जवळ ओढली. दारात खिचडीचं पातेलं आलं होतं. पोरं ताटं घेऊन धावली.

"ऊठ," झुंबरबाई म्हणाल्या. "गार झाल्यावर खाण्यात काय राम न्हाय."