सेन्सरवरची धूळ आणि सासूबाईंचा फोटो

मेहुणीच्या साखरपुड्याला फोटोग्राफर बोलवू नका, असं मीच सासुरवाडीला छातीठोक सांगून आलो होतो. "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" सासूबाईंनी तेव्हा असं काही पाहिलं की मी तिथंच शब्द मागं घ्यायला हवा होता. लग्न झाल्यापासून त्यांना मी एक काम धड करून दाखवलं नव्हतं. हे तरी दाखवायचंच, अशी खुमखुमी.

आदल्या दिवशी गच्चीवरून आभाळाचा फोटो काढून पाहिला, तर मधोमध काळा ठिपका. लेन्स पुसली, बदलली, पठ्ठ्या हलेना. म्हणजे धूळ आत, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर.

"हा ठिपका उद्या धाकटीच्या नाकावर आला," बायको म्हणाली, "तर आई तुम्हाला उंबरा ओलांडू देणार नाही."

आता आम्ही पडलो चाकणच्या कंपनीतली माणसं. शिफ्ट सुटली की एअर गन घ्यायची, अंगावर, बुटांवर, डोक्यावर फुस्स करून हवा मारायची, झाला माणूस स्वच्छ. सेफ्टीवाला ओरडतो आणि आम्ही गेलो की स्वतःची पँट झटकून घेतो. धूळ म्हटली की आमचं डोकं दुसरीकडे चालतच नाही. मी थेट आकुर्डीला, गॅरेजवाल्या मित्राकडे.

"एवढंच ना भावा? दे इकडं." मी लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड उघडं धरलं, त्यानं कॉम्प्रेसरचा पाइप आणला, आणि फुस्स!

पुन्हा आभाळाचा फोटो काढला. अरे देवा! कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतं, पाणी येतं, हे आम्हा दोघांनाही पाठ. तरी बघा! आभाळाला कांजिण्या आल्या होत्या. मित्रानं फोटो नीट निरखला.

"पण तो जुना ठिपका गेला बघ, राव."

कॅमेरा दुरुस्तीवाला सोमवारशिवाय हात लावेना. फोनवर एवढंच म्हणाला, लेन्सचं आतलं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढा, डाग पुसट होतील. झालेही. पण तसं केलं की एकच चेहरा स्पष्ट येतो आणि मागचेपुढचे सगळे धुक्यात. दुसऱ्या दिवशी चऱ्होलीच्या हॉलमध्ये मेहुणीचे एकटीचे फोटो निभावले. मग अख्खं घर तीन रांगांत उभं राहिलं. नवरानवरीवर फोकस करायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सासूबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या, आणि घाबरून माझा फोकस त्यांच्यावरच बसला.

तो फोटो मोठा करून द्यायला गेलो तेव्हा मी चपलाही काढल्या नाहीत. सासरे धुक्यात, व्याही धुक्यात, नवरानवरी कपड्यांवरून ओळखायची. मध्ये सासूबाई, नथीचा मोती न् मोती लखलखीत. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"अहो, खिळा आणि हातोडी आणा," त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडं नीट बघितलं हो." खरं सांगतो, भरून आलं.

मेहुणी मात्र रडकुंडीला आलेली. "आई, साखरपुडा माझा होता!"

"तुझं लग्न आहे की अजून," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीवर जागा शोधायला लागल्या.