वाळू संपायच्या आत

आमच्या मास्तरांकडे वाळूचं एक घड्याळ होतं. लाकडी चौकटीत काचेचे दोन भोपळे, तोंडाला तोंड लावून बसवलेले. घड्याळ पालथं केलं की वरची वाळू खाली पडू लागायची, आणि ती संपायच्या आत आम्ही पाटीवरच्या इंग्रजी वाक्याची चिरफाड करून द्यायची. नाम कुठलं, क्रियापद कुठलं, कोणता शब्द कोणाच्या ताब्यात, आणि वाक्यात मुद्दाम घातलेली चूक कुठे दडली आहे. ते घड्याळ मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. व्याकरण मात्र आवडलं, आणि मला ते येत होतं. ही फुशारकी नव्हे. ज्याचा पुढे आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही, त्याची फुशारकी कोण मारणार?

ते दिवस कापसाचे होते. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलुखात भाऊभाऊच एकमेकांच्या उरावर बसले, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. पूर्णेकाठच्या आमच्या गावात ज्यांच्या पायांना जन्मात जोडा ठाऊक नव्हता, त्यांनी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या बसवल्या. लग्नांत तुपाच्या धारा वाहू लागल्या. अशा दिवसांत एका कुणब्याने आपला धडधाकट मुलगा वावरातून काढून अमरावतीला इंग्रजी शाळेत घालावा, म्हणजे गावाच्या मते त्याचं डोकं फिरलं होतं.

बाबांचं डोकं फिरलं नव्हतं. एकदा कापूस बघायला एक गोरा साहेब गावात आला होता. तो बोले थोडं, आणि त्याचा दुभाष्या सांगे पुष्कळ. साहेब गेल्यावर बाबा अंगणात बसून म्हणाले, "त्यानं बोटभर सांगतलं, यानं हातभर केलं. आपल्या घरात कोनाले तरी समजलं पायजे." एवढ्याच कारणाने मी अमरावतीला मामांकडे राहायला गेलो. मामा एका दलालाकडे कापूस तोलत. त्यांच्या अंगणात कापसाच्या बोज्यांना टेकून मी इंग्रजीची रूपं घोकत असे.

काकांना हे कधीच पटलं नाही. काका बाबांचे धाकटे भाऊ. शेती दोघांची एकत्र. मी सुटीत घरी आलो की ते माझ्याकडे न बघता बाबांना म्हणत, "दादा, वावरात सोनं पिकून राहिलं, अन् तू पोट्ट्याले पाटी घासाले धाडतं? वेचाले मानसं भेटत नाईत." यात खोटं काहीच नव्हतं. त्या सालांत मजूर मिळत नव्हते, आणि मजुरी मागणारा मालकाच्या तोऱ्यात बोलत असे.

त्याच सुमारास अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या इंग्रजी शाळांची चढाओढ ठरली. शाळा तपासणाऱ्या साहेबाची ती कल्पना. इकडची थोडी मुलं, तिकडची थोडी मुलं, अकोल्याच्या शाळेत समोरासमोर बसवायची आणि व्याकरणाच्या तीन फेऱ्या घ्यायच्या, वाळूच्या घड्याळावर. मी मास्तरांना म्हणालो, म्हणजे पोळ्याला बैल सजवून उभे करतात तसंच. मास्तर पुण्याकडचे, त्यांना आमच्या बोलीची आणि आमच्या उपमांची मनस्वी चीड. "बैल काय, अरे बैल काय! विद्या आहे ती," असं म्हणून त्यांनी माझा कान पिळला, आणि मग तोंड फिरवून हसले. ते हसलेले मला दिसले.

चढाओढीची बातमी घरी कळली तेव्हा बाबा आणि काका यांच्यात एक करार झाला. करार बाबांनीच काढला. "साहेबानं चार लोकांत याचं नाव घेतलं, तं याले शिकू दे, पुढं कुठंही शिकू दे. नाई घेतलं, तं हा घरी येईन, तुया हाताखाली." काका म्हणाले, "शब्द?" बाबा म्हणाले, "शब्द." आमच्या घरात शब्द दिला की पुढे बोलणं नसे. बाबांना माझी खात्री होती, म्हणूनच त्यांनी एवढा धीर केला. मलाही माझी खात्री होती. मास्तरांनी तर माझ्या पुढच्या शिक्षणाचं कोणाकोणाशी बोलायला सुरुवातही केली होती. त्यांच्या मनात मी मास्तर व्हायचं होतं.

चढाओढीचा एक नियम मास्तरांनी आमच्याकडून रोज गिरवून घेतला. लिहून झालं की मुलाने जागेवर उभं राहायचं. मग चपराशी येऊन पाटी घेऊन जाणार. एकदा उभं राहिलं की संपलं, पाटीला पुन्हा हात लावायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. मला घाई करायची खोड होती. चार शब्द उरले असतानाच मी अर्धा उठलेला असे. मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबत. "बसून राहा. वाळू आहे तोवर वेळ आहे. उठायची घाई मूर्ख करतो." ही खोड त्यांनी अगदी मोडून काढली. शेवटी शेवटी मी सगळं लिहून, दोनदा वाचून, मगच उठत असे.

अकोल्याला आम्ही बैलगाडीने गेलो. सारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला. कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते, आणि धुळीने मास्तरांचा सोवळा पंचा विटकरी झाला होता. ते वाटभर आम्हाला वाक्यं घालत होते, आणि मी वाटभर उत्तरं देत होतो. इतक्या आनंदात मी पुन्हा कधी प्रवास केल्याचं आठवत नाही.

अकोल्याच्या शाळेत सतरंजी घातली होती. साहेब खुर्चीवर, त्याच्या पुढ्यात टेबल, टेबलावर घड्याळ. दोन्हीकडचे मास्तर बाजूला बसलेले. बघायला आलेली गावातली मंडळी भिंतीशी दाटीने बसली होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. साहेबाने पाट्या बघितल्या आणि दोन्ही वेळा माझ्या पाटीवर बोट ठेवून आमच्या मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा असा खुलला की त्यांना तो लपवता येईना. तिसरी फेरी शेवटची, आणि नाव तिच्यावरच ठरायचं होतं. वाक्य लांबलचक होतं, कोर्टातल्या कागदासारखं. घड्याळ पालथं झालं. मी वाक्य एकदा वाचलं आणि मला ते सगळं दिसलं. चूकही दिसली. मनातल्या मनात हसून मी लिहायला लागलो.

निम्म्याहून थोडं अधिक लिहून झालं असेल. शब्द आठवायला म्हणून मी मान वर केली, आणि दारात बाबा दिसले.

ते येणार हे मला ठाऊक नव्हतं. कापसाच्या गाड्या घेऊन ते आणि काका अकोल्याच्या बाजारात आले होते. गाड्या काकांवर सोडून, विचारत विचारत, ते शाळेपर्यंत आले होते. पागोट्यावर धूळ, मिशांत कापसाचे तंतू. जोडे बाहेर काढून ते दाराच्या आत आले, साहेबाकडे बघून वाकून रामराम केला आणि तिथेच उभे राहिले. साहेबाने मान हलवली, पण बसा म्हणाला नाही. त्याला काय ठाऊक? आणि साहेबाने बस म्हटल्याशिवाय बाबा बसणारे नव्हते. भिंतीशी माणसं बसलेली होती, जागाही होती. बाबा उभेच.

आणि मी उठलो.

आमच्या घरी बाप उभा असला की लेक बसत नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, चालायला तरी कोण शिकवतं? बाबा अंगणात आले की आम्ही सगळी भावंडं उभी, आणि ते बाजेवर टेकले की मग आम्ही टेकणार. त्या दिवशी माझ्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही. उठून ताठ उभा राहिल्यावर, चपराशी माझ्याकडे चालत येताना दिसला, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो.

त्याने पाटी उचलली. साहेबाने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कौतुकाने मान डोलावली. इतक्या लवकर! आमचे मास्तर अर्धे उठले, साहेबापाशी वाकून काही पुटपुटले. साहेबाने त्यांना हाताने गप्प केलं. नियम त्याचाच होता. वरच्या भोपळ्यात अजून वाळू होती. चांगली पुष्कळ होती. बाकीच्या मुलांच्या पेन्सिली पाटीवर करकरत होत्या आणि माझी बोटं रिकामी होती. ओरडून सांगावंसं वाटलं, माझं झालं नाही, मला येतं, सगळं येतं. पण साहेबासमोर आणि बापासमोर मी तोंड उघडणार कसं? बाबा दाराशी उभे होते आणि मी सतरंजीवर उभा होतो. ते माझ्याकडे बघून किंचित हसले. वाळू पडून संपेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.

नाव अकोल्याच्या मुलाचं घेतलं गेलं. हुशार होता, त्याच्याबद्दल मला राग नाही.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला एका बाजूला घेतलं. "तुला येत होतं ना?"

"हो."

"मग उठलास का? किती वेळा सांगितलं होतं तुला!"

"बाबा उभे होते," मी म्हणालो.

मास्तरांनी वळून बाबांकडे बघितलं. तेही कोणाचे तरी लेक होते. म्हणाले, "मी सांगतो तुझ्या वडिलांना. खरं काय ते सांगतो." मी त्यांचा हात धरला. "नको, मास्तर. त्यांना वाटेल आपल्यामुळे झालं." यापूर्वी मी कधी मास्तरांच्या अंगाला हात लावला नव्हता. त्यांनी मला वचन दिलं, आणि ते पाळलं. बाबांपाशी जाऊन एवढंच म्हणाले, "मुलगा हुशार आहे हो. आणखी एक वर्ष ठेवा. माझ्याकडे ठेवा, मी सांभाळतो."

बाबांनी हात जोडले. "मास्तर, तुमी लय केलं पोराले. पन म्या भावाले शब्द देल्ला." मास्तरांनीही हात जोडले. मग मागे न बघता गेले. ती आमची शेवटची भेट. पुढे त्यांची कुठे बदली झाली म्हणतात.

बाजारातून रिकाम्या गाड्या गावाकडे निघाल्या. आमची गाडी काका हाकत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं मंग?" बाबा म्हणाले, "नाव नाई आलं." काका माणूस वाईट नव्हते, त्यांनी नुसता कासरा सैल सोडला. बराच रस्ता गेल्यावर बाबाच म्हणाले, "पन येक सांगतो तुले. सारे पोट्टे मुंड्या खाली घालून बसले होते. मी दाराशी उभा. साहेब समोर, तरी आपला एकटा उठला. मी उभा होतो तोवर बसला नाई. इंग्रजी शिकला, पन बापाले इसरला नाई." काका मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "शाबास!" मी गाडीतल्या गोणपाटात तोंड खुपसून पडून राहिलो. त्यांना वाटलं, मी हरलो म्हणून रडतो आहे.

पुढे अमेरिकेतले भाऊ थकले, भांडण मिटलं, आणि कापूस पुन्हा कापूस झाला. शिंगांच्या शेंब्या एकेक करून उतरल्या. एका वर्षी काका स्वतःच म्हणाले, "याले शिकू देलं असतं तं बरं झालं असतं." तोवर माझं लग्न झालं होतं, हातांना भेगा पडल्या होत्या. गावात साहेब आला की मी दुभाष्याचं बोलणं कान देऊन ऐकत असे. बाबांना हवं होतं तेवढं इंग्रजी मला समजत होतं. त्याच्या पलीकडचं हळूहळू विरून गेलं, आणि ते विरताना मला कळत होतं. याचं दुःख कोणाला सांगावं, हेही कळत नव्हतं.

अकोल्याची ती गोष्ट बाबा जन्मभर सांगत राहिले. लग्नात, तेराव्याला, पारावर, नवा पाहुणा दिसला की. उद्धट मुलगा दिसला की तर हमखास. माझ्या मुलांना तर ती पाठ होती. बाबा सांगायला लागले की मुलं माझ्याकडे कौतुकाने बघत, आणि मी पागोटं सारखं करत बसे. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता.

शेवटच्या आजारात एका दुपारी बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे. म्हणाले, "तुले तं सारं येत होतं म्हने. थो मास्तर तसंच सांगत होता. मंग हरला कसा रे तू?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शेवटचं आलं नाई मले, बाबा."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि चाचपत राहिले. "जाऊ दे," म्हणाले. "नाई आलं तं नाई आलं. माह्यासाठी उभा राहिला, मले थेच पुरलं."