स्क्रीनवरचा सरळ पट्टा

चाकणच्या कंपनीत माझं काम एवढंच, की कॅमेरा जे वाकडं दाखवतो ते गणिताने सरळ करून द्यायचं. रुंद भिंगातून सरळ रेषेचं धनुष्य होतं, हे मला झोपेतही पाठ आहे. त्यामुळे आकुर्डीच्या आमच्या सोसायटीने पार्किंगवर तसाच रुंद भिंगाचा कॅमेरा बसवला आणि सेक्रेटरी काका स्क्रीनवर बघून "पेंटरने पिवळा पट्टा वाकडा मारलाय" म्हणून ओरडू लागले, तेव्हा मी हौसेने मीटिंगला गेलो. कागदावर आकृती काढून भिंगाची करामत समजावली. मग सगळ्यांना खाली नेऊन पट्ट्यावर दोरी ताणून दाखवली. पट्टा सुतासारखा सरळ होता.

"ते जमिनीवर झालं हो," काका म्हणाले, "पण भांडण झालं की आपण बघतो कुठे? स्क्रीनवरच ना?"

पट्टा स्क्रीनवर सरळ दिसेल असा मारायचा, हा ठराव बिनविरोध मंजूर झाला. पेंटर पुन्हा आला. काका वॉचमनच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसून फोनवर त्याला "जरा आत घ्या, अजून आत" सांगत राहिले आणि जमिनीवर पट्टा वाकत गेला. आता सगळ्या गाड्या त्या पट्ट्याला धरून तिरक्या उभ्या असतात. स्क्रीनवर मात्र परेडची रांग.

परवा वैतागून मी माझी गाडी सरळ लावली. लिफ्टमधून वर पोचतोय तोच ग्रुपवर स्क्रीनचा फोटो पडला. त्यात एकटी माझीच गाडी वाकडी होती. खाली काकांनी लिहिलं होतं, "इंजिनिअर लोकांनी तरी नीट पार्क करावं."