अक्काने वाचून दाखवलेले आकडे

रतिलालने उभं आयुष्य तेलाच्या मिलमध्ये फिटरचं काम केलं. कुठे अर्धवट आवळलेला बोल्ट दिसला की सगळ्यांना एका ओळीत उभं करायचा. "ज्याने केलं त्याने पुढे यावं." माणूस पुढे आल्याशिवाय तो मशीन चालू होऊ द्यायचा नाही.

अमळनेरला त्याच्या आणि गिरधरच्या घराची भिंत एक होती. गिरधर एसटी डेपोत मेकॅनिक, वयाने धाकटा. दोघांनी मिळून इंटरनेट घेतलं होतं आणि राउटर रतिलालच्या घरात लावला होता. गिरधरची आई केसरबाई, म्हणजे गल्लीची अक्का, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. त्यांचा टीव्ही तिच्या खाटेसमोरच होता.

दिवाळीत रतिलालने नवा स्मार्ट टीव्ही आणला. एके दिवशी लाइट जाऊन आली आणि टीव्ही नेट पकडेना. राउटर बंद करून पुन्हा लावला असता तर भागलं असतं. पण रतिलालची सवय वेगळी. बिघडलेल्या मशीनचं माप तो शेजारच्या चालू मशीनवरून घ्यायचा. तो अक्काकडे गेला आणि तिच्या टीव्हीवर नेटची सेटिंग उघडली. चष्मा घरी राहिला होता.

"मी वाचते ना," अक्का म्हणाली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला स्पष्ट दिसायचं, आणि चौथी शिकल्याचा तिला अभिमान होता. "एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात. खालचं पण सांगू?"

"बठ्ठं सांग, अक्का. सगळं लागेल."

तिने सांगितलं तसं रतिलालने पेनाने तळहातावर लिहून घेतलं. घरी येऊन सगळे आकडे जसेच्या तसे आपल्या टीव्हीत भरले. टीव्ही सुरू झाला. त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कटकट सुरू झाली. कधी त्याचा टीव्ही बंद पडे, कधी गिरधरचा. पडद्यावर यायचं, हा पत्ता दुसरं उपकरण वापरत आहे. रतिलालने त्याचा अर्थ काढला, दुसरं कोणीतरी आपलं नेट खातंय. दुसरं म्हणजे कोण, हे उघड होतं.

"बठ्ठं नेट तुम्हीच ओढता!" तो ओट्यावरून ओरडला. गल्ली ऐकत होती. "फुकटाची सवय लागली तुम्हाला!"

"भाऊ, अक्का फक्त सकाळचं कीर्तन पाहते," गिरधर खाली बघत म्हणाला.

"मग माझा टीव्ही काय हवा खाऊन बंद पडतो?"

पुढे रावेरला अक्काच्या लेकीकडच्या नातीचं लग्न आलं. गिरधरच्या घरचे सगळे गेले, अक्काजवळ तो एकटा थांबला. लग्न टीव्हीवर थेट दिसणार होतं. सकाळीच रतिलालचा टीव्ही पुन्हा बंद पडला. त्याने पुण्यातल्या आपल्या मुलाला फोन लावला आणि वाय-फायचा पासवर्ड बदलून घेतला. रागात लग्नाचं लक्षात राहिलं नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत असे. ते खरं नव्हतं. पत्रिका त्याच्याही घरी आली होती.

मुहूर्ताच्या वेळी भिंतीपलीकडून गिरधरचा आवाज येत होता. "थांब अक्का, येईल आता." गिरधरकडे बटणांचा फोन, त्यावर काही दिसणार नव्हतं. मागायलाही तो आला नाही. रतिलालचा टीव्ही मात्र दिवसभर अडला नाही. आपलंच खरं होतं, याची त्याला खात्री पटली.

त्या आठवड्यात नेट जोडणारा नीलेश वायरचं भेंडोळं घेऊन आला. गिरधरने वेगळं कनेक्शन मागितलं होतं.

"कशाला वेगळं?" नीलेशने रतिलालला विचारलं. "एका राउटरवर दोन घरं आरामात चालतात. बघू तुमचा टीव्ही." सेटिंग उघडून तो हसायला लागला. "अहो, प्रत्येक टीव्हीला स्वतःचा आकडा लागतो. खालच्या ओळी सारख्या चालतात, पण पहिल्या ओळीचा शेवटचा आकडा वेगळा पाहिजे. इथे शेजारच्यांचाच टाकलाय. एकाच नंबरच्या दोन घरांना पोस्टमन पत्र कसं देईल? कोणी केलं हे?"

"टीव्ही बसवायला आला होता, त्याने," रतिलाल म्हणाला. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"गाढव आहे. पगार कशाचा घेतात हे लोक?"

रतिलाल उभा राहून ऐकत होता. नीलेशने आकडे काढून टाकले आणि सेटिंग ऑटोमॅटिकवर टाकली. दोन्ही टीव्ही बंद केले. राउटरची पिन काढली, थोडं थांबून परत लावली, मग टीव्ही चालू केले. गिरधरला नवा पासवर्ड दिला आणि भेंडोळं उचलून गेला.

लगेच गिरधर पेढे घेऊन आला. "भाऊ, लग्नाचे आहेत. नीलेशने सांगितलं मला. त्या बसवणाऱ्याने घोळ केला आणि आपल्यात उगाच वाकडं आलं. चला, अक्का बोलावते."

पेढा रतिलालच्या हातातच राहिला.

अक्का खाटेवर बसली होती. उशाशी वाटीत अक्षता तशाच होत्या. तिने टीव्हीकडे पाहिलं नाही.

"रतिलाल, ते आकडे मीच वाचले ना रे? मी वाचतांना चुकनू का?"

हो म्हटलं असतं तर तिने ते मान्य केलं असतं. म्हातारी नजर म्हणून गिरधरही हसला असता.

"नाही अक्का. तू बरोबर वाचलं. तेच आकडे मी माझ्या टीव्हीत टाकले. बसवणारा कोणी नाही, मीच. नीलेशला खोटं सांगितलं." त्याने गिरधरकडे पाहिलं नाही. "लग्नाच्या दिवशी नेटही मीच बंद केलं. लग्न माहीत होतं."

गिरधरने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. अक्काने वाटीतल्या अक्षता बोटाने हलवल्या.

"या आता कोणावर टाकू?" ती म्हणाली. मग वाटी बाजूला सारत, "मले सांगून काय फायदा? गिरधरला तर तू गल्लीसमोर बोलला होतास."

रतिलाल बाहेर आला. ओट्यावर गल्लीतला रुपचंद आणि आणखी दोघं-तिघं बसले होते. रुपचंदने सरकून जागा केली. रतिलाल बसला नाही. एक पाऊल पुढे येऊन तो त्यांच्यासमोर उभा राहिला.